चाचणीपुरता नियम

2 जुलै 2019. क्लाउडफ्लेअर, म्हणजे लाखो संकेतस्थळांच्या दाराशी पहारा देणारी कंपनी. वेळा यूटीसी, आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवा.

13:31 – घातक स्क्रिप्ट पकडणाऱ्या फायरवॉलच्या नियमांत किरकोळ बदल. सहकाऱ्यांनी पाहिला, मंजूर केला.

13:37 – चाचण्या हिरव्या. नियम नेमकं पकडतो का, एवढंच त्या पाहत. पकडायला प्रोसेसर किती खातो, हे त्यांना कुणी विचारायला सांगितलंच नव्हतं.

13:42 – नियम सुटला. इतर सॉफ्टवेअर इथे टप्प्याटप्प्यानं जाई. फायरवॉलचे नियम मात्र तेव्हा सेकंदांत जगभर जात, कारण हल्लेखोर थांबत नाहीत. शिवाय हा नियम चाचणीपुरताच: कुणाला अडवायचं नाही, फक्त नोंद घ्यायची. पण नोंदीसाठीही मजकूर तपासावा लागतोच, आणि नियमातल्या रेजेक्सच्या, म्हणजे मजकूर जुळवायच्या साच्याच्या, शेपटाचं सार होतं: .*.*=.*

‘.*’ म्हणजे ‘काहीही, कितीही’, आणि ते लागोपाठ दोनदा. मजकूर कुठवर पहिल्याचा, कुठून दुसऱ्याचा? रेजेक्स जुळवणारं इंजिन एक वाटणी करून बघतं. नाही जमली की मागे फिरून दुसरी. ‘क=क’ जुळवायला 23 पायऱ्या. बरोबरच्या चिन्हापुढे वीस ‘क’ ठेवा, 555. साच्याच्या शेवटी अर्धविराम मागा आणि तो मजकुरात नसू द्या: 5,353.

13:45 – पहिला इशारा, मग रांगच. शहरोशहरी प्रोसेसर शंभर टक्क्यांवर, लोकांच्या पडद्यावर संकेतस्थळाऐवजी 502 ही त्रुटी. वाहतूक एका क्षणी 82 टक्क्यांनी घसरली. आधी वाटलं, हल्लाच.

रेजेक्सनं प्रोसेसर गिळू नये म्हणून एक आडकाठी होती खरी. काही आठवड्यांपूर्वी फायरवॉलची फेरबांधणी करताना ती चुकून निघाली होती. फेरबांधणी कशासाठी? प्रोसेसरवरचा भार कमी व्हावा म्हणून!

14:00 – हल्ला नाही, फायरवॉलच. 14:02 – ती जगभर बंद करायची सूचना आली. पण बंद करणार कुठून? आतल्या यंत्रणेत शिरायची वाट कंपनीच्याच सेवांमधून, आणि त्या आडव्या. काहींचे प्रवेश तर फारसे वापरात नसल्यानं आपोआप रद्द झालेले.

14:07 – कळ दाबली. दोन मिनिटांत प्रोसेसर आणि वाहतूक पूर्ववत.

14:52 – फायरवॉल पुन्हा सुरू. त्याआधी एकाच शहरात चाचणी, तीही पैसे भरणाऱ्या ग्राहकांची वाहतूक बाजूला काढून.

पुढे इंजिनच बदलायचं ठरलं: आरई-टू किंवा रस्ट भाषेतलं, मागे न फिरणारं. असं इंजिन कसं बांधायचं, हे संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी 1968 सालीच छापून ठेवलं होतं.