गादी (अंथरूण)

हा लेख झोपण्याच्या गादीविषयी आहे. राजाचे सिंहासन, मठाधिपतीचे पद किंवा व्यापाऱ्याची पेढी या अर्थांनीही 'गादी' हा शब्द वापरला जातो.

गादी म्हणजे कापूस, काथ्या, फोम, रबर किंवा पोलादी स्प्रिंगा यांसारखी सामग्री जाड कापडाच्या खोळीत भरून तयार केलेले अंथरूण होय. ती जमिनीवर, खाटेवर किंवा पलंगावर घालतात. निजलेल्या माणसाचा भार शरीराच्या अधिकाधिक भागावर विभागणे आणि पाठीच्या कण्याला त्याच्या नैसर्गिक वळणात आधार देणे ही गादीची दोन मुख्य कार्ये आहेत. एखादी गादी ती किती चांगल्या रीतीने पार पाडेल, हे झोपणाऱ्याचे वजन आणि त्याची निजण्याची पद्धत यांवर अवलंबून असते. त्यामुळे सर्वांना सारखीच मानवेल अशी एकच गादी नसते.

इतिहास

अंथरुणाचा एक अतिशय जुना पुरावा दक्षिण आफ्रिकेतील सिबुडू येथील शैलाश्रयात सापडला असून तो सुमारे ७७,००० वर्षांपूर्वीचा आहे. तेथील मानवांनी लव्हाळ्यासारख्या वनस्पतींचे थर रचून त्यावर कीटकांना दूर ठेवणारी झाडाची पाने पसरली होती. गादीसाठी असलेला 'मॅट्रेस' हा इंग्रजी शब्द 'खाली टाकण्याची जागा' अशा अर्थाच्या अरबी शब्दावरून युरोपीय भाषांत आला.

महाराष्ट्रात कापसाची गादी परंपरेने प्रचलित आहे. पिंजारी लोक धनुष्याच्या आकाराच्या साधनाची तात कंप पाववून कापूस पिंजत आणि तो खोळीत भरत. कापूस एका बाजूला सरकू नये म्हणून गादीला ठिकठिकाणी टाके घालत. वापराने दबलेला कापूस पुन्हा पिंजून तीच गादी नव्याने भरता येते. ज्या घरांत गादी नसे तेथे गोधडी, वाकळ, घोंगडे किंवा चटई यांवर झोपण्याची रीत होती.

स्प्रिंगांच्या गाद्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आल्या. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी कप्प्यात बसवण्याची पद्धत जेम्स मार्शल यांनी १९०० च्या सुमारास आणली. डनलप कंपनीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस फेसाळ रबराची निर्मिती सुरू केली. मेमरी फोम हा पदार्थ १९६६ मध्ये 'नासा'च्या विमान-आसनांसंबंधीच्या कामातून विकसित झाला.

प्रकार

* कापसाची गादी : हवा खेळती राहते, मात्र काही काळाने कापूस दबून गादी कडक व असमान होते.
* काथ्याची गादी : नारळाच्या सोडणापासून काढलेल्या तंतूंवर रबराचा चीक फवारून बनवतात. ती कडक व हवेशीर असते.
* पॉलियुरेथेन फोमची गादी : हलकी व तुलनेने स्वस्त. फोमची घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या बाबी आहेत. घनतेचा संबंध मुख्यतः टिकाऊपणाशी असतो.
* मेमरी फोमची गादी : शरीराच्या उष्णतेने व दाबाने मऊ होऊन देहाचा आकार घेते. ती उष्णता धरून ठेवते, त्यामुळे दमट हवेत काहींना गैरसोयीची वाटते.
* लॅटेक्सची गादी : रबराच्या चिकापासून बनते. ती लवचीक व टिकाऊ, परंतु जड व महाग असते.
* स्प्रिंगची गादी : जोडलेल्या स्प्रिंगांच्या गादीत एकाची हालचाल दुसऱ्यास जाणवते, सुट्या कप्प्यांच्या गादीत ती कमी जाणवते.

झोपण्याच्या स्थितीनुसार निवड

कुशीवर झोपणे : प्रौढ माणसे रात्रीचा बराचसा वेळ कुशीवर असतात. या स्थितीत शरीराचा भार खांदा व नितंब यांवर एकवटतो. गादी फार कडक असल्यास हे भाग दुखतात व हाताला मुंग्या येतात. फार मऊ असल्यास कंबर खचून कणा वाकतो. म्हणून मध्यम ते किंचित मऊ गादी आणि खांद्याच्या रुंदीइतकी पोकळी भरून काढणारी उंच उशी योग्य ठरते. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेषा सरळ आहे का, हे दुसऱ्या व्यक्तीस पाठीमागून पाहता येते.

उताणे झोपणे : कमरेच्या बाकाला आधार मिळेल अशी मध्यम-कडक गादी सोयीची असते. निजल्यावर कमरेखालून तळहात अगदी सहज आरपार जात असेल तर गादी बहुधा अधिक कडक आहे. तो सरकवणेच कठीण जात असेल तर ती अधिक मऊ आहे.

पालथे झोपणे : मऊ गादीत पोट खाली जाऊन कमरेवर ताण येतो, तसेच मान सतत एका बाजूस वळलेली राहते. अशा व्यक्तींना तुलनेने कडक गादी व अगदी पातळ उशी सुचवली जाते.

झोपेत माणूस अनेकदा कूस बदलतो; त्यामुळे सर्वाधिक काळ असणारी स्थिती प्रमाण मानतात. वजनदार व्यक्ती त्याच गादीत अधिक रुतते, म्हणून तिला अधिक जाड व कडक गादी लागते. कृश व्यक्तीला तीच गादी टणक वाटते.

पाठदुखी आणि कडक गादी

पाठदुखीवर कडक अंथरूण किंवा जमिनीवर झोपणे हाच उपाय, असा समज प्रचलित आहे. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील ३१३ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांना जुनाट कंबरदुखी होती. ९० दिवसांनंतर कडक गादी वापरणाऱ्यांपेक्षा मध्यम-कडक गादी वापरणाऱ्यांना झोपताना व उठताना होणाऱ्या वेदनेत अधिक आराम पडला. 'ऑर्थोपेडिक' हे नाव विक्रीसाठी वापरले जाते. ते वैद्यकीय प्रमाणपत्र नव्हे. दीर्घकाळ टिकणाऱ्या पाठदुखीत केवळ गादी बदलणे पुरेसे नसते.

विशेष गरजा

तान्ह्या बाळाच्या बाबतीत आरामापेक्षा सुरक्षितता महत्त्वाची असते. बाळाला कडक व सपाट गादीवर उताणे निजवावे, तसेच जवळ उशी, रजई किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत, अशी बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. मऊ गादीत नाक-तोंड दबून श्वास कोंडण्याचा धोका असतो.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांत एकाच जागी सतत दाब पडून शय्याव्रण होतात. ते टाळण्यासाठी आलटून-पालटून फुगणारी हवेची गादी वापरतात. तरीही रुग्णाची कूस नियमितपणे बदलणे आवश्यकच असते.

निगा

कापसाची गादी अधूनमधून उन्हात घालतात. फोम व लॅटेक्स मात्र प्रखर उन्हाने खराब होत असल्याने सावलीत, वाऱ्यावर ठेवतात. गादीत धूळमाइट नावाचे सूक्ष्म जीव वाढून दमा व ॲलर्जीचा त्रास होऊ शकतो. चादरी व अभ्रे सुमारे ६०° सेल्सियस तापमानाच्या पाण्यात धुतल्यास ते मरतात. गादीची डोक्याकडील व पायांकडील बाजू काही महिन्यांनी अदलाबदल केल्यास ती एकाच ठिकाणी खचत नाही. गादीत कायमचा खड्डा पडणे किंवा इतरत्र झोपल्यावर अंगदुखी कमी होणे, ही ती बदलण्याची वेळ आल्याची लक्षणे मानली जातात.

हे सुद्धा पहा

* उशी
* गोधडी
* काथ्या
* झोप