रूझवेल्ट यांचा अखेरचा परदेशप्रवास

१९२१ सालीं, वयाचीं ३९ वर्षें झालीं असतां, फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे दोन्ही पाय लुळे पडले. पुढें ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले. परंतु पोलादी पट्ट्या व आधार यांवांचून त्यांस उभें राहतां येत नसे, आणि हें व्यंग लोकांच्या दृष्टीस पडूं नये म्हणून ते फार जपत. तथापि १९४३ सालीं ते कॅसाब्लांका व तेहरान येथें जाऊन आले. १९४५ च्या फेब्रुवारींतील याल्टा परिषदेसाठीं ते माल्टापर्यंत युद्धनौकेनें व पुढें विमानानें गेले. त्या विमानांत चाकांच्या खुर्चीसह वर चढण्यासाठीं मुद्दाम लिफ्ट बसविली होती. परतल्यावर १ मार्च रोजीं काँग्रेसपुढें त्यांनीं बसूनच भाषण केलें. बसल्याबद्दल क्षमा मागून, पायांवरील सुमारें दहा पौंड पोलादाचा भार व नुकताच संपलेला चौदा हजार मैलांचा प्रवास हीं कारणें त्यांनीं स्वमुखानें सांगितलीं. एरवीं जपून झांकलेली गोष्ट अशी त्यांनीं स्वतःच बोलून दाखविली. सहा आठवड्यांनीं, १२ एप्रिलला, ते निवर्तले.