नांदेड-लातूर परिसरातील इतिहाससाधने : फाइलनावे, मेटाडेटा आणि संशोधनसामग्रीचे आदानप्रदान

प्रस्तावना :
इतिहाससंशोधनात साधनाइतकेच त्याच्या नोंदीला महत्त्व असते. कागद कोठला, केव्हाचा आणि कोणाच्या दप्तरातील, हे ज्ञात नसेल तर अस्सल कागदही पुराव्यास अपुरा पडतो. या नोंदीला आज मेटाडेटा, म्हणजे सामग्रीविषयीची माहिती, असे म्हटले जाते. परंतु तिची गरज नवी नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यातील १७५० ते १७६१ या काळातील पत्रांना लेखांक दिलेले असल्यामुळे खंड व लेखांक सांगताच कोणताही अभ्यासक नेमके तेच पत्र पडताळू शकतो. संगणकातील फाइलबाबतही हीच अपेक्षा आहे. प्रस्तुत लेखात नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

स्थलनिर्देशाचा प्रश्न :
राष्ट्रकूटांच्या लेखांतील लट्टलूर म्हणजे लातूर आणि वाकाटकांच्या वाशीम ताम्रपटातील नांदीकड म्हणजे नांदेड, असे अभ्यासक मानतात. प्राचीन नावांइतकाच गोंधळ प्रशासकीय बदलांनी निर्माण होतो. उदगीर तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला व १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात समाविष्ट झाला. उस्मानाबादचे नावही २०२३ मध्ये धाराशिव झाले. परिणामी केवळ ‘लातूर’ या नावाने शोध घेणाऱ्यास बीदरच्या नावाखाली नोंदलेले उदगीरचे कागद सापडणार नाहीत. म्हणून मूळ कागदातील स्थलनाम, आजचे नाव आणि तत्कालीन जिल्हा यांसाठी तीन स्वतंत्र रकाने असणे आवश्यक ठरते.

कालनिर्देशाचा प्रश्न :
उदगीरची लढाई फेब्रुवारी १७६० मध्ये झाली. त्या वेळी शक १६८१, शुहूर सन ११६०, दक्षिणी फसली ११६९ आणि हिजरी ११७३ अशी वर्षे चालू होती. एखाद्या फाइलच्या नावात फक्त ‘११६९’ असेल आणि वाचकाने तो आकडा हिजरी मानला, तर तो सुमारे चार वर्षे मागे, १७५५-५६ मध्ये जाईल. कालगणनेचे नाव न लिहिता केलेली नोंद म्हणूनच निरुपयोगी, किंबहुना घातक ठरते.

हा प्रश्न जुन्या कागदांपुरता मर्यादित नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झाला. परंतु जागतिक प्रमाणवेळेनुसार ठेवलेल्या भूकंपसूचीत तो २९ सप्टेंबरला येतो. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. फक्त प्रमाणवेळ सांगितली पाहिजे. शिवाय पुनर्वसनात गावे नव्या जागी वसली. त्यामुळे ‘किल्लारी’ एवढेच नाव असलेले छायाचित्र जुन्या गावठाणाचे की नव्या वसाहतीचे, हे काही वर्षांनी सांगणे कठीण होते. ज्या घरांचा आता मागमूस नाही, त्यांच्याबाबत ही संदिग्धता म्हणजे पुराव्याचाच नाश होय.

प्रमाणित पद्धती :
१९९५ मध्ये अमेरिकेतील डब्लिन येथील कार्यशाळेतून विकसित झालेल्या ‘डब्लिन कोअर’ संचात शीर्षक, कर्ता, दिनांक, भाषा, व्याप्ती, हक्क इत्यादी १५ घटक आहेत. ‘व्याप्ती’ या घटकात स्थळ व काळ दोन्ही नोंदविता येतात. फाइलचे नाव लहान व एकसारखे असावे. दिनांक वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिल्यास फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. उदाहरणार्थ, ‘किल्लारी-जुनेगाव_छायाचित्र_१९९३-१०-०५_००१’. उर्वरित तपशील नावात न कोंबता सोबतच्या तक्त्यात द्यावा. मराठी नोंदी युनिकोडमध्येच असाव्यात; जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाही. २०१४ पासून मोडी लिपीचाही युनिकोडमध्ये समावेश आहे.

निष्कर्ष :
महाविद्यालयीन प्राध्यापक व विद्यार्थी गावोगावी फिरून शिलालेख, बखरी व मौखिक आठवणी संकलित करतात. परंतु ‘नवीन१’, ‘फोटो२३’ अशा नावांच्या फाइलींचा अर्थ संकलकाच्या स्मरणातच राहतो आणि तो निवृत्त झाला की संपतो. लेखांक देण्याची राजवाड्यांची शिस्त फाइलींना लावणे खर्चिक नाही. स्थळ, कालगणना, संकलक आणि हक्क या चार नोंदी संकलनाच्या दिवशीच केल्या, तर मराठवाड्याचे हे साधनधन पुढील अभ्यासकाच्या हाती विश्वासार्ह स्वरूपात पोहोचेल.