अद्भुत कथा, तिचे वाचक आणि तिचे परीक्षक

मराठीत अद्भुत कथा छापली जाऊ लागली तेव्हा त्या कथांत नवे काही नव्हते. सेरामपूरच्या छापखान्यातून १८१४ मध्ये ‘सिंहासन बत्तिशी’ मोडी लिपीत निघाली आणि सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० मध्ये आली. बोलणाऱ्या पुतळ्या, प्रेतात शिरून राजाला कोडी घालणारा वेताळ हे सगळे लोकांना ऐकून ठाऊक होते. कागदावर आले एवढेच. ‘आता पुढचे पुस्तक कधी येणार’ असे विचारणे आणि ते आल्यावर त्याचे बरेवाईट चार लोकांसमोर छापून मांडणे ही रीत पडायला आणखी तीस-चाळीस वर्षे जावी लागली. त्यासाठी लेखकाने रचलेली नवी गोष्ट हवी होती आणि तिच्यावर लिहायला मासिक हवे होते.

लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाली, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये. सुंदर राजकन्या, शूर राजपुत्र, कपटी प्रधान, योगायोगांची रेलचेल आणि शेवटी सगळ्यांची गाठ असा या कादंबऱ्यांचा घाट. ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी आपली बाजू स्पष्ट मांडली आहे. लग्नाच्या आणि एकूणच घरगुती चालीरीतींमुळे आपल्याकडच्या माणसाच्या आयुष्यात रंजक असे फार काही घडत नाही, तेव्हा मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडे वळावेच लागते, असा त्यांचा युक्तिवाद. तो पटो वा न पटो, आपण हा प्रकार का लिहितो हे वाचकाला आधीच सांगून टाकणारा मराठी लेखक १८६८ मध्ये होता, याला महत्त्व आहे. त्या काळी पुष्कळ पुस्तके आगाऊ वर्गणीवर निघत. ग्रंथकर्ता जाहिरात देई, आश्रयदाते नावे कळवीत, आणि पुस्तकाच्या शेवटी गावांच्या नावांसह त्यांची यादी छापली जाई. न पाहिलेल्या पुस्तकासाठी पैसे मोजून थांबणाऱ्या वाचकांची ती नोंदच म्हणायची.

परीक्षकांनी मात्र या कादंबऱ्यांना फार काळ मोकळे सोडले नाही. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ १८७२ चा. कादंबरीत संसार जसा आहे तसा दिसावा, असंभाव्य गोष्टींनी ती भरू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ही कसोटी मराठी समीक्षेला इतकी पटली की पुढची शंभर वर्षे अद्भुत कथेचे परीक्षण म्हणजे बहुतेक वेळा ‘हे खरे वाटते का’ एवढा एकच प्रश्न राहिला. गोष्ट तिच्या स्वतःच्या नियमांना धरून चालते का, भीती कशी उभी केली आहे, विस्मय शेवटपर्यंत टिकतो का, हे प्रश्न बाजूलाच पडले. वास्तविक या भाषेतल्या जाणत्या लोकांना अद्भुताचे वावडे नव्हते. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणण्याचे काम कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतले आणि त्यांच्यानंतर ते पुढे नेणाऱ्यांत त्यांचे पुत्र, ‘निबंधमाला’ मासिकाचे कर्ते विष्णुशास्त्री होते. समकालीनांच्या पुस्तकांवर आसूड ओढणारा हा टीकाकार जिन, जादूचे दिवे आणि उडते घोडे यांचे भाषांतर मन लावून करीत होता.

परीक्षणाच्या या इतिहासाचा एक धागा कऱ्हाड तालुक्यात येतो. कऱ्हाड आणि त्याला लागून पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेले मलकापूर यांच्यापासून जवळच, कृष्णाकाठी टेंभू हे गाव आहे. उपसा सिंचन योजनेमुळे आज त्याचे नाव सगळीकडे ऐकू येते. गोपाळ गणेश आगरकर (जन्म १८५६) इथले आणि कृष्णाजी नारायण आठल्ये (जन्म १८५३) हेही इथलेच. आगरकर बुद्धिवादाचे कडवे पुरस्कर्ते. भुताखेतांच्या समजुतींवर त्यांच्याइतके स्पष्ट त्या काळात थोड्यांनीच लिहिले असेल. तरी १८८३ मध्ये त्यांनी भाषांतरासाठी निवडले ते शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’, म्हणजे मेलेल्या राजाचे भूत तटावर फिरताना दिसते तिथून सुरू होणारे नाटक. ‘विकारविलसित’ या नावाने ते प्रसिद्ध झाले. भुतावर विश्वास ठेवणे आणि भुताची गोष्ट वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला यापेक्षा चांगला दाखला सापडणार नाही. काशीनाथ मराठे यांच्या निबंधानंतरच्या परीक्षकांनी तो ध्यानात घेतला असता तर बरे झाले असते.

आठल्ये कवी होते, चित्रकार होते, आणि त्यांचे मुख्य काम घडले ते टेंभूपासून फार दूर, कोचीनला. तिथून १८८६ मध्ये ‘केरळकोकिळ’ हे मासिक निघू लागले आणि त्याचे संपादन त्यांच्याकडे आले. हे मासिक गाजले ते पुस्तकपरीक्षणांसाठी. एरवी मासिकांत ‘साभार पोच’ म्हणून पुस्तकांची यादी लागे: नाव, कर्ता, छापखाना, पृष्ठे, किंमत, टपालखर्च, आणि फार तर ‘पुस्तक वाचनीय आहे’ असे एक वाक्य. आठल्ये तेवढ्यावर सोडत नसत. पुस्तक भिडेखातर वाखाणायचे नाही आणि दोष दाखवताना हात आखडायचा नाही, असा त्यांचा बाणा होता. याच ‘केरळकोकिळा’त १९०० पासून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कथेचे मराठी रूप ‘चंद्रलोकची सफर’ क्रमशः येऊ लागले. मराठीतल्या विज्ञानकथेचा आरंभ पुष्कळ अभ्यासक तिथून धरतात. महिना संपण्याची वाट पाहत तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघालेली माणसे कुठवर पोहोचली ते वाचायचे, हा अनुभव मराठी वाचकाला नवीन होता. कडक परीक्षण आणि खुले अद्भुत एकाच मासिकात, एकाच संपादकाच्या हाताखाली सुखाने नांदले, हे आठल्यांचे मोठेपण. मराठी नियतकालिकांत असा मेळ पुन्हा क्वचितच जुळला.

वि. का. राजवाडे यांचा ‘कादंबरी’ हा निबंध १९०२ चा. वाईत मिळालेल्या कागदपत्रांवरून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला होता आणि इतिहासातली ती शिस्त त्यांनी कादंबरीलाही लावली. अद्भुत आणि वास्तव अशी वर्गवारी करून मराठी कादंबरी त्यांनी युरोपातल्या थोर कादंबरीकारांच्या शेजारी उभी केली. रेनॉल्ड्स या लेखकाच्या इंग्रजी कादंबऱ्यांवर पोसलेले मराठी लेखन तिथे फिके पडणार हे उघडच होते. वाचकाने हा निकाल मानला नाही. नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ मध्ये आली आणि तिच्यातली भुयारे, रहस्ये, साहसे यांनी दोन-तीन पिढ्यांना वेड लावले. लेखक शिकारीच्या वेळी सिंहगडावरून पडून कमरेखाली अधू झाला होता. हे सारे विस्तीर्ण जग त्याने एका जागी बसून रचले.

यानंतरची तीसेक वर्षे कऱ्हाडच्या परिसरात वेगळे वारे वाहिले. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. ती पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाली आणि तिच्या जोडीला ‘स्त्री’ व ‘मनोहर’ आली. संपादक शंकरराव किर्लोस्कर विज्ञान, उद्योग आणि समाजसुधारणा यांचे कैवारी. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच मासिकाने छापले. नांगर तयार होणाऱ्या कारखान्याच्या आवारातून निघणारे मासिक भुताटकीच्या कथेला लाल गालिचा अंथरील, अशी अपेक्षाही कोणी केली नसती. पण मासिक खेड्यापाड्यांत पोहोचवणे, वर्गणीदार टिकवणे, पुढच्या अंकात काय आहे ते आधीच सांगून उत्सुकता वाढवणे हे सारे ‘किर्लोस्कर’ने मराठी धंद्याला शिकवले. पुढे गूढकथेची मासिके चालली ती याच वाटेवरून.

गूढकथेचा खरा आश्रय दिवाळी अंक. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. अनंत अंतरकरांनी १९४६ मध्ये ‘हंस’ सुरू केला, नंतर ‘मोहिनी’ आणि ‘नवल’. चमत्कारिक, भयचकित करणाऱ्या कथांचे हक्काचे घर म्हणजे ‘नवल’. पुढे ‘धनंजय’नेही रहस्य आणि गूढ यांवरच आपला अंक उभा केला. दसरा झाला की वर्तमानपत्रांत अंकांच्या जाहिराती येत. त्यांत लेखकांची नावे ठळक अक्षरांत असत आणि वाचक आधी नावे पाहून मग अंक ठरवी. सगळे अंक विकत घेणे कोणालाच परवडत नसे. तिथे वाचनालये कामी येत: एकदा ठरावीक रक्कम भरायची आणि पुढचे तीन-चार महिने एकेक अंक बदलून न्यायचा. गूढकथांच्या अंकाला नंबर लावावा लागे. हाती येईपर्यंत त्याचे पुठ्ठे सैल झालेले, पाने दुमडलेली, आणि कुणा आधीच्या वाचकाने कथेच्या शेवटी पेन्सिलीने ‘छान’ किंवा ‘फसली’ असे लिहून ठेवलेले. एका शब्दाचे हे परीक्षण पुढच्या वाचकाला मासिकातल्या स्तंभापेक्षा जास्त उपयोगी पडे.

मलकापूर-कऱ्हाड हा भाग अशा वाचकाचा. पश्चिमेला आगाशिवाचा डोंगर, त्यात बौद्ध लेणी, पायथ्याला जखिणवाडी नावाचे गाव. मुंजा, हडळ, खवीस, वेताळ यांच्या गोष्टी इथे घराघरांत सांगितल्या गेल्या आहेत. अशा गोष्टी ऐकून वाढलेल्या माणसाला छापील भयकथेत कच्चेपणा चटकन कळतो. कुठले भूत कुठे असते, कशाला भिते, काय मागते याचे संकेत त्याला पाठ असतात आणि लेखकाने ते चुकवले की कथा त्याच्या मनातून उतरते.

नारायण धारप (१९२५–२००८) यांनी हा वाचक ओळखला होता. रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या या लेखकाने भयकथेला नेटकी बांधणी दिली. साधे मध्यमवर्गीय घर, वाड्यातली बंद खोली, नव्या जागेत राहायला आलेले कुटुंब. पहिली काही पाने काहीच घडत नाही, फक्त एखादी गोष्ट जागच्या जागी नसते. ‘समर्थ’ हा अशा शक्तींशी झुंजणारा त्यांचा नायक कथेमागून कथेत येत राहिला आणि त्याच्या पुढच्या कथेची चौकशी वाचनालयात होऊ लागली. धारपांनी परक्या लेखकांचा आधारही भरपूर घेतला. ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ आहे, ‘शपथ’मागे ‘इट’. यावर त्या त्या वेळी कसून लिहिले जायला हवे होते: काय उचलले, काय बदलले, मराठी मातीत काय रुजले. ते झाले नाही, कारण प्रतिष्ठित समीक्षेने या पुस्तकांना हातच लावला नाही. धारपांचे त्यात नुकसान झाले. श्रेयही नीट मापले गेले नाही आणि ऋणही.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या वाट्याला थोडे बरे दिवस आले. नाटककार म्हणून त्यांचे नाव होते आणि भूत दाखवण्यापेक्षा माणसाच्या मनातला अंधार दाखवणे हे गूढकथेचे काम, ही भूमिका ते आवर्जून मांडत. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’ हे त्यांचे संग्रह वाचकांनी उचलून धरले. जी. ए. कुलकर्णींच्या रूपकात्मक, मिथकांनी भरलेल्या कथांना समीक्षेने डोक्यावर घेतले आणि ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अद्भुत चालते, फक्त त्याला तत्त्वचिंतनाची जोड हवी, असा हा अलिखित नियम होता. घाबरवणे हेच ज्याचे काम ती कथा उंबऱ्याबाहेर राहिली.

पुस्तकांच्या आगमनाची वार्ता देणारे मासिक ‘ललित’. केशवराव कोठावळे यांनी ते १९६४ मध्ये सुरू केले. कोण काय लिहीत आहे, काय छपाईला गेले आहे, काय बाजारात आले आहे याची खबर त्यात मिळू लागली आणि जयवंत दळवींनी ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने लिहिलेल्या सदराने लेखकांना जमिनीवर ठेवले. याच सुमाराला विज्ञानकथेलाही दाद मिळू लागली. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ या कथेला बक्षीस मिळाले. टोपणनावामागचा लेखक जयंत नारळीकर निघाला. परीक्षकांनी नाव न पाहता नुसती कथा तोलली, म्हणून या निर्णयाला किंमत आहे.

कऱ्हाडला १९७५ मध्ये साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी दुर्गा भागवत होत्या. आणीबाणीविरुद्ध त्या उभ्या राहिल्यामुळे ते संमेलन लक्षात राहिले. पण दैवते, राक्षस, भुते यांच्या लोककथांचा अभ्यास करून त्यांना शास्त्राची बैठक देणाऱ्या विदुषीला हा मान मिळणे, हीही अद्भुताच्या बाजूने पडलेली नोंद होती.

अलीकडच्या काळात उत्सुकतेची साधने बदलली. बाळ ऊर्ध्वरेषे यांनी मराठीत आणलेल्या ‘हॅरी पॉटर आणि परीस’ने मुलांना पुढच्या भागासाठी थांबायला लावले, टॉल्किनची महाकथा मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने आणली. दुसरीकडे साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम उभे केले आणि २०१३ मध्ये त्यांच्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच सातारा जिल्ह्यातल्या वाचनालयांतून धारप-मतकरींची पुस्तके लोक नेतच राहिले. त्यात विसंगती काहीच नाही, आगरकरांनीही ती मानली नसती. ‘तुंबाड’ हा राही अनिल बर्वे यांचा चित्रपट २०१८ मध्ये आला, २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि त्याच्यामुळे त्याची एक प्रेरणा असलेल्या धारपांच्या ‘आजी’ कथेचा शोध सुरू झाला. संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने धारपांच्या कादंबऱ्या नव्या वेष्टनात काढल्या, काही ध्वनिपुस्तकांतही ऐकायला मिळू लागल्या, आणि त्यांची किंगच्या मूळ कादंबऱ्यांशी शेजारी ठेवून तुलना करणारे लेखन आता कुठे होऊ लागले आहे.