काठीची लांबी दोरीने ठरवली

फ्लाय फिशिंगची काठी पहिल्यांदा घेणाऱ्याचा हिशेब बहुधा एकच असतो: काठी जितकी लांब, तितकी फेक लांब आणि मासा मोठा. या काठीची कुळकथा तो हिशेब खोटा ठरवते. १६७६ साली चार्ल्स कॉटनने आयझॅक वॉल्टनच्या ‘द कम्प्लीट अँग्लर’ला आपला भाग जोडला. त्यात त्याने काठीची लांबी नदीच्या रुंदीवरून ठरवायला सांगितली आणि ट्राउटच्या नदीला पाच-सहा यार्ड, म्हणजे १५ ते १८ फूट, पुरेसे मानले. पिसे आणि रेशीम गळावर बांधून केलेल्या माशीला वजन जवळजवळ नसतेच. घोड्याच्या केसांची दोरीही हलकी, आणि ती बहुधा थेट काठीच्या टोकाला बांधलेली. तेव्हा पाण्यावरची पोच मुख्यतः काठीलाच पुरवावी लागे.

एकोणिसाव्या शतकात तेल पाजलेली जड रेशमी दोरी रुळली आणि माशीला वाहून नेण्याचे काम दोरीच्या वजनाने उचलले. काठीने वाकायचे आणि सरळ व्हायचे, एवढेच उरले. त्यातच इंग्रज मासेमार फ्रेडरिक हॅल्फर्डने तरंगत्या माशीचा जोरदार पुरस्कार केला. ही माशी सुकवायला पुन्हापुन्हा हवेत झुलवावी लागते. लांब काठीने ते एका हाताला दिवसभर झेपत नाही. अमेरिकेत सॅम्युएल फिलिपी आणि हायरम लिओनर्ड यांनी बांबूच्या पट्ट्या जोडून काठ्या घडवल्या (सुरुवातीचा बांबू कलकत्त्याच्या नावाने ओळखला जाई, म्हणजे या कुळात आपलेही रक्त आहे), आणि एकहाती काठी नऊ-दहा फुटांवर स्थिरावली.

कोणी म्हणेल, लाकूड जड म्हणून लांबी घटली, दोरीचा काय संबंध? पण त्याच शतकात स्कॉटलंडच्या स्पे नदीवर ग्रीनहार्टसारख्या जड लाकडाच्या, १५ फुटांहून लांब दुहाती काठ्या चालतच होत्या. तिथे पाठीमागे झाडी नाहीतर चढा काठ. दोरी मागे फेकायला जागा नाही, ती पुढेच वळसा देऊन उलगडावी लागते, आणि त्याला लांब काठी सोयीची. शिवाय १९७० च्या दशकात कार्बन तंतूने काठी कमालीची हलकी केली, तरी सर्वसाधारण एकहाती काठी नऊ फुटांच्या आसपासच राहिली. लांबी परतली ती पाण्याखाली निम्फ, म्हणजे बुडणारी माशी, खेळवणाऱ्यांकडे, कारण दहा-अकरा फुटांची काठी दोरीला प्रवाहाच्या ओढीपासून वर उचलून धरते. रिळाविना चालणाऱ्या जपानी तेनकारातली बारा फुटांच्या आसपासची काठीही हेच करते.

राहिला मोठ्या माशाचा मुद्दा. अमेरिकन मासेमार ली वुल्फने सहा फुटांच्या काठीने अटलांटिक सॅमन धरून दाखवले; त्याचे कौशल्य असामान्य होते हे खरे, पण माशाचा आकार लांबी ठरवत नाही हे त्यातून सिद्ध झाले. म्हणून दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी नदीवर जाऊन यावे. डोक्यावर फांद्या टेकलेला ओढा असेल तर सात फूट, मोकळ्या नदीला नऊ, खळाळत्या पाण्यात निम्फ खेळवायची तर दहा किंवा अधिक.