एक पंचरेषा, अनेक कंठ

कोणत्याही मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात पदाधिकाऱ्यांची नामावली असते, नाट्यप्रयोगांची यादी असते, गणेशोत्सवाची छायाचित्रे असतात. परंतु पन्नास वर्षांत व्यासपीठावरून जी समूहगीते गायिली जातात, त्यांचा मागमूस क्वचितच आढळतो. शब्द वहीत उतरवलेले असतात, चाल दहा-पाच जणांच्या कंठात असते. पण त्या चालीखाली कोणी दुसरा आवाज बसवला असेल, तर तो गाणाऱ्यांची बदली झाली की त्यांच्या सामानाबरोबरच गाव सोडतो. जबलपूर हे तर रेल्वे, लष्कर आणि आयुधनिर्माणीचे शहर. येणे-जाणे येथे नित्याचेच. म्हणूनच अनेक आवाजांचे गाणे कागदावर कसे उतरवावे, या वरवर रूक्ष वाटणाऱ्या प्रश्नाचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

आपल्याकडील स्वरलेखनाच्या आधुनिक इतिहासात मराठी मुलखाचा वाटा फार मोठा आहे. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली आणि लेखी स्वरलिपीच्या आधारे शिक्षण दिले. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून आपली स्वतंत्र लेखनपद्धती रूढ केली. वाळकेश्वरास जन्मलेल्या पं. विष्णु नारायण भातखंड्यांनी (१८६०–१९३६) घराण्याघराण्यांत जपून ठेवलेल्या शेकडो चिजा मिळवून ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली व तार सप्तकासाठी वर टिंब, एका मात्रेतील स्वरांखाली अर्धचंद्र : इतकी सुटसुटीत ही लिपी आहे. तिच्यामुळे ग्वाल्हेर-लखनौची चीज जबलपूरच्या विद्यार्थ्याला शिकता आली. आपल्या शहरातील भातखंडे संगीत महाविद्यालयाचे नावच या ऋणाची साक्ष देते.

परंतु ही लिपी एका कंठासाठी जन्मली, हे ध्यानात घेतले पाहिजे. आपले रागसंगीत एकस्वरी आहे. एका वेळी एकच स्वर, त्याच्या पाठीशी तंबोरा. अशा गाण्यासाठी एक ओळ पुरते. मात्र दोन गट एकाच क्षणी वेगवेगळे स्वर घेऊ लागले, की पहिल्याच्या गंधाराबरोबर दुसऱ्याचा षड्ज नेमका कोठे येतो, हे डोळ्यांना दिसावे लागते. भातखंडे पद्धतीत दोन ओळी एकाखाली एक मांडून हे साधता येते. पण मात्रांचे खाने बिनचूक जुळवण्याची कसरत करावी लागते आणि स्वरांमधील अंतर नजरेस पडत नाही.

युरोपातील पंचरेषेने हीच अडचण सोडवली. अकराव्या शतकात इटलीतील ग्विदो नावाच्या साधूने रेषांवर आणि रेषांमधील जागांवर स्वर बसवण्याची पद्धत घडवली. प्रारंभी चार रेषा असत, पुढे पाच स्थिरावल्या. अनेक आवाजांच्या गाण्यांत पूर्वी प्रत्येक आवाज पानाच्या निरनिराळ्या भागांत लिहीत. मोठा ग्रंथ मध्ये ठेवून सारे गायक भोवती उभे राहत. कालांतराने आवाज एकाखाली एक मांडले जाऊ लागले, आणि प्रार्थनागीतांच्या छापील पुस्तकांत जागेच्या काटकसरीसाठी दोन आवाज एकाच पंचरेषेवर आले : वरच्या पंचरेषेवर स्त्रियांचे सोप्रानो व आल्टो, खालच्या पंचरेषेवर पुरुषांचे टेनर व बास. दोन आवाजांची गल्लत होऊ नये म्हणून नियम ठरला की, वरच्या आवाजाच्या स्वरांची दांडी नेहमी वर आणि खालच्या आवाजाची नेहमी खाली. दोघे एकाच स्वरावर भेटले, तर एकाच टिंबाला दोन्ही दांड्या. नियम इतका साधा, पण त्यामुळे चार आवाज दोन पंचरेषांत मावले.

हे सारे आपल्याला परके, असे कोणी म्हणेल. तसे ते पूर्णतः नाही. गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरवाचन शिकवले जाई. त्या शिक्षणातूनच पुढे मांडो हा कोंकणी गीतप्रकार दोन आवाजांत फुलला, आणि घुमटाच्या तालावर घराघरांत पोचला. त्याच परंपरेतील अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्यवृंदाचे लेखन केले. चाल हिंदुस्थानी, लेखन पंचरेषेवर, असा हा संगम आपण सर्वांनी रेडिओवर ऐकलेला आहे.

स्वरलेखनाअभावी काय गमवावे लागते, याचे सर्वांत बोलके उदाहरण राष्ट्रगीताच्या निवडीचे आहे. ‘जन गण मन’चे स्वरलेखन मार्गारेट कझिन्स यांनी मदनपल्ली येथे १९१९ मध्येच केले होते. १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी संविधान सभेत ‘वंदे मातरम्’विषयी जी अडचण मांडली, ती वाद्यवृंदाला सोयीची चाल नसल्याची होती. त्या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर पुढे सरसावले. समूहाला गाता येईल आणि बँडला वाजवता येईल अशी चाल त्यांनी बांधली, आणि दिल्लीस जाऊन ती नेत्यांना ऐकवली. २४ जानेवारी १९५० रोजी निर्णय ‘जन गण मन’च्या बाजूने जाहीर झाला, ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान मिळाला. निर्णयामागे इतरही कारणे होती, हे खरे. तरीही वाद्यवृंदाचे कागद हाती असणे वा नसणे, ही बाब राष्ट्राच्या दरबारातही तोलली गेली, हे विसरून चालणार नाही.

आपल्या परिसरातही दोन्ही वाटा दिसतात. जबलपूरच्या उत्तरेस मैहर येथे बाबा अलाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या सुमारास निराधार मुलांचा वाद्यवृंद उभारला. बंदुकीच्या नळ्यांपासून नळतरंग घडवले. दुसरीकडे पचमढी येथे १९५० पासून लष्करी बँडच्या वादकांना पंचरेषेचे रीतसर शिक्षण मिळते. एकीकडे गुरुमुखातून आलेली विद्या, दुसरीकडे कागदावरून कोणत्याही छावणीत वाजवता येणारी. दोन्हींचे मोल वेगळे, पण दोन्ही आपलीच.

आता संगणकाने हे लेखन घरोघरी आणून ठेवले आहे. १९९३ मध्ये सिबेलियस आले. पुढे म्यूझस्कोर ही विनामूल्य प्रणाली आली. तिच्यात एका पंचरेषेवर चार स्वतंत्र आवाज लिहिता येतात. पहिला निळ्या, दुसरा हिरव्या रंगात दिसतो. पहिला आवाज निवडून वरची चाल लिहावी, दुसरा निवडून खालची. दांड्या आपोआप वर-खाली वळतात. विराम आपापल्या बाजूला सरकतात, लगतचे दोन स्वर एकमेकांवर न चढता शेजारी बसतात. देवनागरी शब्दही स्वरांखाली लिहिता येतात. अक्षर हेच आपल्या लिपीचे एकक असल्याने ‘म-हा-रा-ष्ट्र’ अशी फोड सहज जमते. दोन आवाजांचे शब्द निराळे असतील, तर वरच्याचे पंचरेषेच्या वर आणि खालच्याचे खाली द्यावेत. दोघांची लय फारच भिन्न असेल किंवा आवाज एकमेकांना ओलांडत असतील, तर काटकसर सोडून दोन पंचरेषा घ्याव्यात, हे उत्तम.

या साधनांच्या मर्यादाही आहेत. मींड, आंदोलन, श्रुतीचा सूक्ष्म चढ-उतार पंचरेषेत पुरता उतरत नाही. तेथे गुरूचा कंठच प्रमाण. शिवाय संगणकप्रणालीही चिरंजीव नसतात. १९८८ पासून जगभर वापरल्या गेलेल्या फिनाले या प्रणालीचा विकास थांबवल्याची घोषणा २०२४ मध्ये झाली, आणि अनेकांचे आयुष्यभराचे लेखन दुसरीकडे हलवण्याची वेळ आली. म्हणून बहुतेक प्रणालींना वाचता येणाऱ्या म्यूझिकएक्सएमएल स्वरूपात एक प्रत आणि छापील कागदावर एक प्रत, इतकी खबरदारी घ्यावीच.

आज आपली मराठी कुटुंबे गोलबाजार, राइट टाउनपासून विजयनगरसारख्या नव्या वसाहतींपर्यंत पसरली आहेत, आणि त्यांची मुले पुण्या-बंगळुरापासून सातासमुद्रापार. ती मुले सुटीत आली की आजी-आजोबांबरोबर गाऊ इच्छितात. पण तालमीला वेळ नसतो. गीताचे लेखन हाती असेल, तर आपला आवाज ती तिकडेच बसवून येतील. भातखंड्यांनी चिजा घराण्यांच्या कुलुपातून काढून सर्वांच्या हाती दिल्या. मंडळाने आपली दहा समूहगीते, त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या आवाजांसह, लिहवून ग्रंथालयात ठेवली, तर ते त्याच परंपरेतले पाऊल ठरेल. वार्धक्यामुळे ज्यांचे गाणे आता थांबत आले आहे, त्यांच्याकडून हे काम आजच करून घ्यावे. कारण शताब्दीच्या अंकापर्यंत कागद टिकेल, कंठ टिकणार नाही.