गुप्तधनाचा टेलिफोन

जमिनीखालचं धन पाहायला पूर्वी पायाळू माणूस लागे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याच्या डोळ्यांत मंतरलेलं काजळ घातलं की सात हात खोल पुरलेला हंडा आणि हंड्यावर वेटोळं घालून बसलेला नाग त्याला स्वच्छ दिसतो, अशी आपली परंपरागत समजूत. आमच्या मोहोपाड्यात आता पायाळू औषधालाही मिळत नाही. मूल आडवं आहे की पायाळू, याची चौकशी होण्याआधीच डॉक्टर पोट कापून मोकळे होतात! तेव्हा हंडा शोधणाऱ्यांना यंत्राकडे वळणं भागच होतं.

गंमत अशी की, या यंत्राची पहिली मोठी परीक्षा झाली ती जमिनीवर नव्हे, माणसावर. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ती अंगात कुठे रुतली आहे हे कळेना. डॉक्टर मंडळी न धुतलेली बोटं जखमेत घालून चाचपून थकली. मग टेलिफोनवाले ग्रॅहम बेल धावून आले. तारेची दोन वेटोळी अशी जुळवायची की, एकाचा परिणाम दुसऱ्यावर शून्य. म्हणजे जमाखर्च तंतोतंत टॅली! जवळ धातू आला की टॅली बिघडते आणि कानाला लावलेला टेलिफोन गुणगुणू लागतो. महिन्याअखेरीला आमचंही असंच होतं. फक्त गुणगुणतात ते मॅनेजरसाहेब.

बेलसाहेबांनी यंत्र फिरवलं, पण आवाज गोळीचा की पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांचा, हेच उमगेना. शिवाय मुख्य डॉक्टर ब्लिस यांचं ठाम मत, गोळी उजवीकडेच आहे. त्यामुळे तपास उजवीकडेच. १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे सापडली. यंत्र बापडं काय करणार? साहेबांनी सांगितलं त्याच लेजरात शोधलं, तर दुसऱ्या लेजरातली चूक सापडत नाही.

पुढे दुसऱ्या महायुद्धात कोझात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग शोधणारं यंत्र केलं. १९४२ साली अल अलामीनच्या वाळवंटात त्याने कितीतरी जवानांचे पाय वाचवले. शोध त्याने इंग्रजांना फुकट दिला. बदल्यात राजाचं आभाराचं पत्र आलं. हे कुठल्या खात्यात जमा करायचं, देव जाणे.

आता खोलीची भानगड. लहान वस्तू दुप्पट खोल गेली की तिची खूण निम्मी होत नाही, सुमारे चौसष्टाव्या हिश्शावर येते. आमच्या चक्रवाढ व्याजालाही लाजवील असा हा हिशेब! थाळी मोठी केली तर खोलवरचं कळतं, पण नेमकी जागा पुसट होते. म्हणून जाणकार आधी पूर्व-पश्चिम फिरवतात, मग दक्षिणोत्तर, आणि जिथे दोन्ही रेघा छेदतील तिथे कुदळ मारतात. त्यात आपला काळा कातळ. त्यात लोहखनिजाचे कण, त्यामुळे तो स्वतःच कुरकुरतो. शिवाय खिळे, पत्रे, बाटल्यांची बुचं. यंत्राला बुचाशी वैर नाही. धातू तो धातू.

आणि खरा ठेवा सापडतो कसा? प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली एक भिल्ल शेतकरी झाडाचं खोड उपटत होता. यंत्र नाही, काजळ नाही. हाती आले ते काशाचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून साठ किलोंहून जास्त वजन! हडप्पाकाळाच्या अखेरचे, म्हणजे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचे, असं बरेच विद्वान मानतात.

तुम्हाला काही सापडलंच तर १८७८ सालचा निखात निधी कायदा वाचून ठेवा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही निघालं की कलेक्टरला लेखी कळवायचं. मालक कुणी नाहीच ठरला, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. पुरून शंभर वर्षं झाली नसतील, तर पुरणाऱ्याचा वारसही दावा सांगू शकतो. आमच्याकडे खातं दहा वर्षं हललं नाही की पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. मातीची मुदत जरा सढळ आहे. व्याज मात्र ती देत नाही.